डोंगरावरचा शंख

२०१८ च्या जूनमध्ये रजा-प्रवास सवलत घेऊन आम्ही हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला गेलो. आम्ही बी.कॉम. झालेली कारकून माणसे. दगडाशी आमचा संबंध रस्त्याच्या खडीपुरता. पण थोरलीच्या भूगोलाच्या पुस्तकात टेथिस समुद्राचे नाव आले होते आणि तो पाहायचाच, असा तिचा हट्ट.

काझाच्या वर सुमारे ४,४०० मीटर उंचीवर लांगझा हे गाव आहे. चार पावले टाकली की धाप लागते. गावाच्या माथ्यावर तथागतांची भव्य मूर्ती, समोर चुनखडीचे कडे, खाली पाटीसारख्या काळ्या दगडाचा घसारा. त्यातला एक फुटका गोटा थोरलीने उचलला, तर आत वेटोळे घातलेला शंख! अमोनाइट, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. भारताचा भूखंड आशियाला भिडला, मधला समुद्रतळ वर उचलला गेला, म्हणून तो इथे. हे जीव साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर संपले. आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हारस वाहिला तोही त्याच सुमारास! चुनखडीवर ओरखडा काढून थोरलीने लिंबू पिळले, तर बारीक बुडबुडे आले.

वाचकहो, आमच्या लहानपणी गावातल्या एका घरी देव्हाऱ्यात शाळिग्राम होता. आम्ही ओट्याखाली उभे राहायचे. नजर आत गेली तरी त्या घरची म्हातारी ओरडायची. नेपाळच्या काली गंडकीतले शाळिग्राम म्हणजे हेच अमोनाइट. ज्याच्या विटाळाची आम्हांला भीती घातली, तो समुद्रातला किडा आमच्या मुलीच्या तळहातावर होता. आम्ही बराच वेळ बोललो नाही.

जिच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी मात्र बजावले, "इथले दगड नेऊ नका. सगळ्यांनी नेले तर उरणार काय?" थोरलीने आपला गोटा जागेवर ठेवला. परतताना सात-आठ वर्षांचा एक मुलगा रुमालात शंख बांधून आला. पन्नास रुपयांना एक. त्याचे फाटके बूट पाहून आम्ही घेतला. शाळेच्या वेळेत पोरगा दगड विकतो आणि आम्ही घेतो! एरवी सभांतून आम्ही काय सांगत असतो?

गाडीत थोरली म्हणाली, "पप्पा, १८६० च्या दशकात स्टोलिच्का इथे आला, तेव्हा कुठला शंख कुठल्या थरात, हे त्याने पाहिले. तुमचा कुठल्या थरातला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही."

परत ठेवायचा तरी कुठे? शंख आमच्या टेबलावर आहे. थोरली त्याला हात लावत नाही.