ढालीवरचा बदाम

“बाबा, या ढालीवर पत्त्यांतला बदाम कशाला?” इतिहासाच्या पुस्तकातलं चित्र दाखवीत मुलीनं विचारलं. पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी तिला स्कॉटलंडच्या डग्लस घराण्याची गोष्ट सांगितली.

राजा रॉबर्ट ब्रूस १३२९ साली वारला. त्याचं हृदय पवित्र भूमीकडे नेताना जेम्स डग्लस १३३० साली स्पेनमध्ये लढता लढता पडला. तेच हृदय घराण्याच्या ढालीवर आलं. पुढे जमिनी वाढल्या, सैन्य वाढलं. दरबाराला या सरदारांचं भय वाटू लागलं. १४४० साली एडिंबरोच्या किल्ल्यात कोवळ्या सहाव्या अर्लचा नि त्याच्या भावाचा शिरच्छेद झाला. १४५२ साली ब्रूसच्याच वंशातल्या दुसऱ्या जेम्सनं आठव्या अर्लला अभय देऊन स्टर्लिंगला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं भोसकलं. १४५५ साली पराभव झाला, जहागीर जप्त झाली. त्या लढाईत राजाच्या बाजूनं डग्लसांचीच दुसरी पाती उभी होती, अँगसची!

“म्हणजे भाऊबंदच?” मुलगी म्हणाली.

मी गप्प झालो. वाड्याच्या वाटणीपासून धाकट्या भावाशी माझं बोलणं नाही. देव्हाऱ्यातले देव मात्र दोघांचे तेच.

रात्री त्याला चार ओळी लिहिल्या: दिवाळीला ये.