हरणीच्या छातीतलं दूध

आज पिकाची नोंद नाही, कुत्रीची आहे. वस्तीवर कुत्रं सगळ्यांकडंच असतं, म्हणून लिहून ठेवतो.

हरणी आमची कारवानी कुत्री, वय ५, वजन २५ किलो. ज्वारीत रानडुकरं शिरली तर आम्हाला बॅटरी सापडायच्या आत ही बांधावर. मागच्या पौषात ती अर्ध्या वाटेतून परत यायला लागली. आधी ठसका, मग धाप. न्यूमोनिया समजून ५ दिवस इंजेक्शनं झाली, फरक शून्य. रात्री ती आडवी पडेना. कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसून राहायची. मला वाटलं थंडी वाजतेय, अंगावर पोतं टाकलं. खरं तर फुफ्फुसाला फुगायला जागाच उरली नव्हती.

तालुक्याला सुई घालून छातीतलं पाणी काढलं. पातळ, गुलाबीसर. नमुना तपासायला गेला नाही. पण श्वास मोकळा झाला, ती खायला लागली. आई म्हणाली, पोरगी वाळलीय. रोज भाकरी कुस्करून वर तुपाची धार. आठव्या दिवशी पुन्हा तीच धाप.

मग पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रेसाठी तिला आडवं करूच दिलं नाही. धाप लागलेलं कुत्रं जबरदस्तीनं आडवं केलं तर टेबलावरच जाऊ शकतं, म्हणाल्या. बसल्या जागी सोनोग्राफी केली, सुई घातली, आणि सिरिंजमध्ये आलं ते दूध! १५ वर्षं डेअरीला दूध घालतोय, मला दुसरा शब्दच सुचेना. सव्वा लिटर निघालं.

"पू आहे का मॅडम?"

त्यांनी नळी मशीनमध्ये फिरवून दाखवली. पू असता तर पेशी खाली बसून वर निवळ आलं असतं, हे पांढरंच राहिलं. मग रक्त आणि हे पाणी, दोन्हींतलं ट्रायग्लिसराइड मोजलं. पाण्यात रक्तापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या भाषेत, फॅट लागली. रोगाचं नाव कायलोथोरॅक्स.

आतड्यात पचलेली चरबी ज्या रसातून रक्ताकडं जाते, त्याची वाहिनी पाठीच्या कण्यालगत छातीतून वर मानेजवळच्या शिरेला मिळते. तो रस छातीत पाझरत होता. पहिल्या वेळी पांढरा का नव्हता? कारण ३ दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. उपाशी कुत्र्यात तो असा पातळ दिसतो आणि रोग हुकतो. तुपाचं कोडंही तिथंच सुटलं. आई हे पान वाचत नाही, तुम्हीही कुणी सांगू नका.

हृदय, हृदयातले जंत, छातीतली गाठ, फुफ्फुसाला पडलेला पीळ, सगळं बघून झालं. कारण सापडलं नाही. बऱ्याच कुत्र्यांत सापडतच नाही म्हणे.

महिनाभर बिनतुपाचं खाणं आणि ४ वेळा सुई. दर वेळी पाण्याबरोबर चरबी, प्रथिनं, रोगाशी लढणाऱ्या पेशी बाहेर. ती फासळ्यांवर आली. शिवाय हा रस लागून लागून फुफ्फुसावर जाड पापुद्रा धरतो, मग पाणी काढलं तरी ते फुगत नाही. थांबण्यात अर्थ नव्हता. ऑपरेशनचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. अण्णा म्हणाले, "कालवड वीक." गावात अजून हसतात लोक.

ऑपरेशनच्या ३-४ तास आधी मॅडमनी हरणीला काय पाजलं असेल? मलई. म्हणजे वाहिनी पांढरी फुगते आणि हाताला सापडते. कुत्र्यात उजवीकडून बरगड्यांमधून जातात, मांजरात डावीकडून. वाहिनी एकच नसते, ठिबकच्या नळ्यांसारख्या फांद्या असतात. एक जरी बांधायची राहिली तरी पाझर चालूच. म्हणून वाहिनीत निळा रंग सोडून सगळ्या बांधल्या. त्याच वेळी हृदयाभोवतीचं आवरणही कापून काढलं, नुसत्या बांधण्यापेक्षा गुण येण्याची शक्यता त्यानं वाढते. मी विचारलं, "बांधल्यावर रस जाणार कुठं?" पाट बुजवला की पाणी दुसरी वाट धरतं, तसं पोटातल्या शिरांकडं नव्या वाटा फुटतात. मात्र कधीकधी नवी वाट पुन्हा छातीतच फुटते. हे त्यांनी सही घ्यायच्या आधी स्पष्ट सांगितलं.

छातीत नळी ठेवली होती. रोज किती मिली निघालं ते मी वहीत लिहायचो, दुधाच्या हिशेबाच्याच वहीत. सहाव्या दिवशी नळी काढली.

आता ७ महिने झाले. तूप बंद आहे. ती गाढ झोपली की मी बॅटरी धरून मिनिटभर तिचे श्वास मोजतो. ३० च्या वर गेले की फोन करा, असं सांगितलंय. तुमचं कुत्रं धापत असेल तर तुम्हीही मोजा, आणि पाणी काढलं तर नमुना तपासायला लावाच. काल रात्री २२ भरले. मध्येच ती उठली, बांधाकडं बघून भुंकली आणि पुन्हा पडली.