पोकळ भिंत

तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात वास्तुविशारद लॉरी बेकरांच्या भिंती मी शिकत असताना पाहिल्या. गिलावा नाही, विटांच्या जाळीतून वारा येतो, वाटेत झाड आलं की भिंतच वळसा घेते. पुढे मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात वसतिगृहाचं काम आलं, तेव्हा बेकरांची ‘रॅट-ट्रॅप’ भिंत मी हट्टानं मंजूर करून घेतली.

हिच्यात वीट कडेवर उभी लावतात. नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे २५ टक्के वाचतात, मालही कमी लागतो. पोकळीतल्या हवेमुळे बाहेरची धग आत यायला वेळ लागतो. जोत्यावरचा, खिडकीखालचा आणि लिंटेलजवळचा थर मात्र भरीव घ्यायचा.

आमचे मिस्त्री तीस वर्षं करणी चालवलेले. “साहेब, कडेवरची वीट म्हणजे पार्टिशन. तिच्यावर स्लॅब?” मी आकडेमोड पुढे केली, त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. मग कोपऱ्यात चार फुटी नमुना बांधला, पंधरा दिवस पाणी मारलं. त्यांनी स्वतः त्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या, ओळंबा लावून पाहिला. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विटा निवडायला बसले होते : शाबूत कडांच्या एकीकडे, बाकीच्या भरीव थरांसाठी.

चूक माझ्याकडून झाली. या भिंतीत विजेचे पाइप बांधकाम चढतानाच पोकळीत सोडावे लागतात. विजेचा नकाशा आला नव्हता, पावसाळा तोंडावर होता, मी काम थांबवलं नाही. महिन्याभरानं इलेक्ट्रिशियन छिन्नी-हातोडा घेऊन तळमजल्यावर खाचा मारू लागला. बाहेरची वीट अवघी तीन इंचांची. टवके उडाले, दोन ठिकाणी पोकळी उघडी पडली. मिस्त्री दारात उभे राहून पाहत होते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

चार खोल्यांना गिलावा करावा लागला. वरच्या मजल्याचा पहिला थर लावण्याआधी मिस्त्रींनी इलेक्ट्रिशियनला बोलावून घेतलं आणि प्रत्येक बोर्डाची जागा स्लॅबवर खडूनं मांडली. तिथले पाइप पोकळीतून सरळ वर गेले.

पुढच्या मे महिन्यात भर दुपारी गेलो. वरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावला, भिंत कोमटच होती. खाली उतरताना एका मुलीनं विचारलं, “सर, आमच्याच खोल्यांना गिलावा का?”

तिला मी काय झालं होतं ते सगळं सांगितलं.