तापीच्या उत्तरेला : फैजपूर

शुक्रवार

भुसावळ सोडलं की लगेच तापी. पुलावरून पाहिलं तर पात्र बरंच खाली आहे. नदी एवढी जवळ असून काठच्या शेताला ती सहजासहजी हाती लागत नाही. म्हणून इथला शेतकरी पाणी शोधतो ते जमिनीखाली. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. तिच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या गाळाच्या जाड थरांत उतरतं. फैजपूर, सावदा, रावेर हा सारा केळीचा मुलूख या साठवणीवर उभा आहे. उपसा वाढत गेला, पाणी खोल गेलं, मग ठिबक आलं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन पाण्याची पातळी वर आणत नाही, ते सोडा.

वाटेत बामणोद. भरताची वांगी इथलीच घ्यावीत, असं खानदेशात कुणालाही विचारा. दुपारी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

शनिवार

आजचा दिवस 1936चा. 27 आणि 28 डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं शहरांत होत; खेड्यात भरवायचं हा गांधीजींचा आग्रह. जागेला नाव दिलं टिळकनगर. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि बांबू, चटया अशा गावठी सामानातून त्यांनी नगर सजवलं. नेहरूंची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली. ध्वज चढवताना मध्येच अडकला, तेव्हा एक तरुण सरळ खांबावर चढला आणि त्यानं तो मोकळा केला.

हे किस्से सगळे सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती त्यामागची राबणूक. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत आलेले. अधिवेशनाच्या उभारणीत ते पुढे होते. साने गुरुजी खानदेशातली गावं पालथी घालत प्रचार करत होते. हजारो माणसांचं पाणी, स्वयंपाक, सफाई हे सारं उघड्या शेतात उभं करणं भाषणापेक्षा अवघड.

इथे शेतसुधारणेचा तेरा कलमी कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड कमी करा, कर्जाचं ओझं हलकं करा, असा त्याचा रोख. तो या भूमीला नवा नव्हता. 1852 मध्ये महसुली मोजणीविरुद्ध शेजारच्या सावद्याला हजारो शेतकरी जमले होते आणि सरकारनं पलटण आणून पुढाऱ्यांना पकडलं होतं. अधिवेशनाच्या आठवणीत हे 1852 कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

रविवार

गंमत अशी की 'खेड्यातलं पहिलं अधिवेशन' ज्या गावी भरलं, तिथे ब्रिटिश अमदानीतच नगरपालिका होती आणि कापडाच्या रंगाईसाठी गावाचं नाव होतं. आज ती 'क' वर्ग नगरपरिषद आहे. कारभार राज्याच्या 1965च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे : नगराध्यक्ष थेट लोकांतून, नगरसेवक प्रभागांतून, मुख्याधिकारी सरकारचा. न्यायालयात अडकलेल्या आरक्षणाच्या प्रश्नामुळे राज्यातल्या नगरपालिका काही वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. 2025च्या डिसेंबरात मतदान झालं. नळाला पाणी कधी, हे विचारायला मधल्या काळात नगरसेवकच नव्हता.

दुसरी गंमत. तालुक्याचं ठिकाण यावल, पण प्रांत कार्यालय फैजपूरला. तहसीलदाराचा निर्णय पटला नाही तर यावलचा माणूस अपील घेऊन इथे येतो. आणि थोड्याच अंतरावर सावद्याची वेगळी नगरपालिका. जपाननं 1999 ते 2010 या काळात अशी शेजारी गावं एकत्र करून नगरपालिकांची संख्या 3,232 वरून 1,727 वर आणली. खर्च वाचवण्याचा तो हिशेब मला पटतो. पण फैजपूर आणि सावदा एका नगराध्यक्षाखाली नांदतील, असं मला वाटत नाही.

यायचं असेल तर हिवाळ्यात या, भुसावळला उतरा आणि बामणोदवरून या. पुढच्या हप्त्यात यावल आणि तिथला निंबाळकरांचा किल्ला.