मनमथचा चौक आणि एका सरदाराची दौलत

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचे शहर आहे. नोकरीनिमित्त आमचे चिरंजीव तेथे राहतात. गेल्या आश्विनात आम्ही उभयता दोन महिने त्यांच्याकडे होतो. एका रविवारी सकाळी सूनबाईंनी डबा भरून दिला आणि मोटारीने दीड तासाच्या अंतरावरील मनमथ हे गाव पाहण्यास आम्ही निघालो.

हा सारा प्रदेश प्रेअरीचा, म्हणजे मूळच्या गवताळ मैदानांचा. क्षितिजापर्यंत टेकडी म्हणून दिसत नाही. जमीन काळी आणि खोल आहे. आमच्या कृष्णाकाठची आठवण व्हावी अशी. ही चिकट माती लाकडी-बिडाच्या नांगराला दाद देत नसे. 1837 मध्ये जॉन डिअर या लोहाराने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर घडविला, आणि मग गवताच्या जागी मका आला. आम्ही गेलो तेव्हा मका व सोयाबीनची कापणी चालू होती. दूरवरून गावाची खूण म्हणून प्रथम दिसतात त्या धान्याच्या उंच कोठ्या.

मनमथची वस्ती जेमतेम नऊ-दहा हजारांची. मधोमध चौक, भोवती विटांच्या जुन्या इमारती, जवळच न्यायालय, पलीकडे 1853 साली स्थापन झालेले महाविद्यालय. वायट अर्प हा पाश्चात्त्य चित्रपटांमुळे गाजलेला शांतिरक्षक 1848 मध्ये येथेच जन्मला. त्याचा गावाला अभिमान आहे. परंतु मला ओढ होती ती गावाच्या दुसऱ्या एका सुपुत्राची. त्याचे नाव ऑस्कर हार्टझेल, जन्म 1876. त्याच्या नावाची पाटी मला कोठे आढळली नाही. ती नसावी हेच स्वाभाविक.

हार्टझेल हा शेतकऱ्याचा मुलगा. सुमारे 1915 मध्ये दोन ठगांनी त्याच्या आईला गाठले. इंग्लंडचा दर्यावर्दी सरदार सर फ्रान्सिस ड्रेक याची अफाट दौलत वारसांअभावी पडून आहे, ती सोडविण्याच्या खटल्याला पैसे द्या, कैक पटींनी परत मिळतील, असे सांगून त्यांनी तिच्याकडून काही हजार डॉलर काढले. मुलाने ही लबाडी ओळखली. पण लबाडी ओळखून तो थांबला नाही. तोच धंदा त्याने स्वतः मांडला.

खरा ड्रेक सोळाव्या शतकातला. 1577 ते 1580 या काळात त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, 1581 मध्ये एलिझाबेथ राणीने त्याला ‘सर’ किताब दिला आणि 1596 मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ तो आजाराने मरण पावला. त्याला अपत्य नव्हते. परंतु मालमत्तेची वाटणी मृत्युपत्राप्रमाणे तेव्हाच झाली होती. म्हणजे सोडविण्यासारखे काहीही शिल्लक नव्हते.

हार्टझेलने आरंभी आयोवा राज्यातील ड्रेक आडनावाच्या कुटुंबांना गाठले. पुढे आडनावाची अटही गेली. एका डॉलरला पाचशे डॉलर, असा वायदा होता. तो स्वतः लंडनमध्ये थाटात राहू लागला आणि गावोगावचे त्याचे हस्तक शेतकऱ्यांकडून पैसे गोळा करून पाठवू लागले. बळी पडलेल्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. पहिल्या महायुद्धानंतर धान्याचे भाव कोसळले होते, शेते गहाण पडली होती, बँका बुडत होत्या. अशा वेळी शेजारी, प्रार्थनागृहात शेजारी बसणारा परिचित, कोणी सोयरा येऊन सांगे, तेव्हा माणूस कागद मागत नसे. एक अट मात्र कडक होती: कोठे वाच्यता करावयाची नाही; बोलेल त्याचा हिस्सा जाईल.

असली दौलत अस्तित्वात नाही, असे ब्रिटिश सरकारने सांगितले. श्रद्धाळूंनी अर्थ काढला की, सरकार दडवते आहे म्हणजे दौलत खरीच असली पाहिजे! 1933 मध्ये इंग्लंडने त्याला हद्दपार केले. आयोवातील सू सिटी येथे, टपालाच्या मार्गे फसवणूक केल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बचावासाठी वर्गणी कोणी दिली? त्याने ज्यांना लुबाडले त्यांनीच. 1943 मध्ये तो कैदेतच वारला.

चौकातील बाकावर बसून, दिवस मावळण्यापूर्वी, आम्ही डबा उघडला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, इतके भोळे कसे हो हे लोक?” मला घास गिळवेना.

कारण 1997 साली आमच्याच गावी, आमच्याच समाजातील एक गृहस्थ दरमहा तीन टक्के व्याजाने ठेवी घेत होते. मंदिराच्या कार्यात ते पुढे असत, बोलणे गोड. मी बँकेत अधिकारी असूनही पंचवीस हजार ठेवले. चौदा महिने दरमहा साडेसातशे रुपये घेतले. मग माझ्यातला बँकवाला जागा झाला: एवढे व्याज देणारा धंदा तरी कोणता? ताळेबंद मागितला, मिळाला नाही. मी मुकाट्याने मुद्दल काढून घेतले आणि कोणाला काही बोललो नाही. समाजात बभ्रा नको, आपल्या माणसाची अब्रू जायला नको, असे मनाला सांगितले. आठ महिन्यांनी सारे बुडाले. माझ्या चुलत बहिणीचे, आमच्या अक्कांचे, एक लाख वीस हजार त्यात गेले. ते यजमानांच्या पश्चात मिळालेले पैसे होते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत एक तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. लहानपणापासून पाठ केलेला हा शब्द मला मनमथच्या चौकात कळला. माझे दहा हजार पाचशे रुपयांचे व्याज हे कोणाचे तरी मुद्दल होते. हार्टझेलला लोकांकडून मौन मागून घ्यावे लागले. मी ते न मागता दिले.

परतल्यावर मी तेवढी रक्कम घेऊन अक्कांकडे गेलो. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सारे सांगितले. बराच वेळ त्या जपमाळेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तेव्हा तू सांगितलं असतंस, तरी मी ऐकलं नसतं रे. पण तू सांगायला हवं होतंस.”

पैसे त्यांनी घेतले नाहीत.