लाल विंचू आणि चाळणी

७ जून
सकाळी ग्रंथालय उघडतं न उघडतं तोच सामुदायिक वैद्यकशास्त्राची पीजीची मुलगी दारात. "मॅडम, लाल विंचवाच्या दंशावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचाय. सिनॉप्सिसला पंधरा-वीस दिवस आहेत." प्रश्न काय, म्हटलं. "तेच, विंचूदंश." हा विषय झाला, प्रश्न कुठे आहे? चहा पाजून परत पाठवली.

इतकी वर्षं थिसिस बघते आहे. 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' म्हणजे मागच्या बॅचच्या थिसिसमधून उतरवलेलं प्रकरण, अशीच बहुतेकांची समजूत. आता त्याच प्रकरणावर 'सिस्टिमॅटिक' अशी पाटी लावतात.

९ जून
आज प्रश्न घेऊन आली, आणि चांगले आणले. पहिला: प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो का? दुसरा: विंचू चावलेला माणूस आधी उतरवणाऱ्याकडे का जातो? तिसरा गाइड सरांनी जोडलेला: महाराष्ट्रात यावर आजवर काय काय काम झालंय?

तिला वाटत होतं तिन्ही एकाच आढाव्यात बसतील. पहिल्याला चाचण्या शोधून, पारखून, आकडे तोलावे लागतील. दुसऱ्याचं उत्तर लोकांच्या मुलाखतींच्या अभ्यासांत असेल. तिथे टक्केवारी काय सांगणार? तिसरा स्कोपिंग रिव्ह्यूचा. त्याची पायवाट अर्क्सी आणि ओ'मॅली यांनी २००५ मध्ये आखून दिली: कुठे काम झालंय, कुठे ओसाड आहे, याचा नकाशा काढायचा.

ग्रँट आणि बूथ यांनी २००९ मध्ये आढाव्यांचे चौदा प्रकार मांडले. तो लेख डॉक्टरांच्या नव्हे, आम्हा ग्रंथालयवाल्यांच्या नियतकालिकात आला, हे मी दर बॅचला मुद्दाम ऐकवते. चौदा पाठ करू नका, असंही सांगते.

१२ जून
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली, पण शोध फसला. तिने पबमेडवर 'मेसोब्युथस टॅम्युलस' टाकलं आणि जेमतेम काही हाती लागलं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचा १९८२ च्या 'लॅन्सेट'मधला लेखही तिच्या यादीत नाही! त्याच्या शीर्षकात शास्त्रीय नाव नाहीच. नुसता 'रेड स्कॉर्पियन'. शिवाय या प्राण्याचं नावच बदलत गेलेलं: आधी ब्युथस, मग मेसोब्युथस, आता होटेनटोटा. सगळी नावं 'ऑर'ने जोडली. दंशालाही कुणी 'स्टिंग' म्हणतं, कुणी 'एन्व्हेनोमेशन'. दुपारी यादी एकदम फुगली. तिचा चेहरा पडला, मला बरं वाटलं.

१३ जून
संगणकावर न चढलेले जुने भारतीय अंक तळघरात आहेत. शिपाईमामांनी बांधीव खंड वर आणले. अर्ध्यांना कसर लागलेली.

१८ जून
चाळणी. ती आणि तिची ज्युनिअर, दोघींनी वेगवेगळं वाचायचं. मतभेद झाला तर तिसऱ्याने निकाल द्यायचा. एकीने वाचलं की आवडते लेख आत येतात, म्हणून हा नियम.

भांडण लागलं ते बावस्करांच्याच लेखावरून. प्राझोसिनबद्दलचा त्यांचा १९८६ चा लेख रुग्णांच्या निरीक्षणावर उभा आहे; चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. आमचा निकष आधीच लिहिलेला: फक्त यादृच्छिक चाचण्या. "मॅडम, हाच लेख बाहेर टाकायचा?" ज्युनिअर रडकुंडीला आलेली. टाकायचा. ज्या कामाने कोकणात प्राझोसिनचा रस्ता दाखवला ते आमच्या चाळणीतून खाली पडलं, याची मलाही चुटपुट लागली. पण आपला प्रश्न प्रतिविषाचा आहे, प्राझोसिनचा नाही. ती गोष्ट प्रस्तावनेत सांगायची. कथनात्मक आढावा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी सांगावं, असं काम दुसरीकडे कुठे मांडणार? 'पुरावा नाही' असं मात्र लिहू दिलं नाही.

२१ जून
हाती दोन चाचण्या उरल्या. एक महाडची, २०११ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधली. ७० रुग्ण, ३५-३५ चे दोन गट. दहा तासांनी प्रतिविषवाल्या गटात ३२ जण पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८. फरक डोळ्यात भरणारा, पण कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होतं, हेही तक्त्यात आलंच पाहिजे. दुसरी पुदुच्चेरीची, २०१४ ची, फक्त मुलांवरची.

मुलगी लगेच म्हणाली, "दोन्ही मिळवून हिरा काढूया." हिरा म्हणजे मेटा-अॅनालिसिसच्या आलेखातली तळाची ती चौकट. तिला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनची गोष्ट सांगितली. १९०४ साली त्याने याच जर्नलमध्ये विषमज्वराच्या लशीचे आकडे एकत्र केले होते, दक्षिण आफ्रिकेतल्या आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेचे. गटागटांत आकडे इतके वेगळे निघाले की बेरजेवर न थांबता त्याने स्वयंसेवकांची नोंदवही ठेवून दर दुसऱ्याला लस द्या, असं सुचवलं. दोन चाचण्यांत मुलं किती, मोठी माणसं किती, मात्रा काय, उपचार किती तासांनी सुरू झाले, हे शेजारी शेजारी मांड आणि मग हिऱ्याचं बोल, म्हटलं. मांडलं. हिरा राहिला.

२४ जून
'प्रॉस्पेरो' या आढाव्यांच्या नोंदवहीत आराखडा आधी नोंदवायचा असतो, आकडे उतरवायला घेण्यापूर्वी. हिने आकडे आधी उतरवले. ही चूक माझीही; पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सिनॉप्सिसच्या शीर्षकातला 'सिस्टिमॅटिक' तिने स्वतः खोडला आणि गाइड सरांचा तिसरा प्रश्न वर घेतला. सर कुरकुरले, पण सही झाली.

तळघरातला एक खंड मामांना अजून सापडलेला नाही. शोधनोंदीत तसं लिहिलं.