संशयाचा क्रम

गव्हर्नर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन उभे राहते. हिरवळ, पहारेकरी आणि आत कुठेतरी एक वयोवृद्ध गृहस्थ. इंजिनाचा गव्हर्नर मात्र अगदी निराळा. त्याला ना बंगला, ना भत्ता. ओझे वाढो की उतरो, इंजिनाचा वेग ढळू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. हा शब्द मुळात सुकाणू धरण्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला, हे कळल्यापासून तर मला त्याच्याविषयी जिव्हाळाच वाटू लागला. आम्हां समुद्रकाठच्या माणसांना नाखवा कधी परका का असतो?

जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर गरगर फिरणारे दोन गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकत आणि वाफेची वाट आवळीत. वेग उतरला की खाली येत आणि वाट मोकळी करीत. पुढे १८६८ साली मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने गव्हर्नरांवर निबंध लिहून, त्यांचे हेलकावे केव्हा विरतात आणि केव्हा वाढत जातात, याचे गणित मांडले.

आजच्या कितीतरी डिझेल जनरेटरांवर गोळ्यांची जागा विजेने घेतली आहे. फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यासमोर एक चुंबकी पिकअप असतो. समोरून दात गेला की त्यात विजेची एक लहर उठते. कड्याला १२० दात असले आणि इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असले, तर सेकंदाला लहरी झाल्या ३०००! त्या मोजून कंट्रोलर नावाची पेटी डिझेल वाढवायचे की घटवायचे ते ठरवते. आणि ॲक्च्युएटर एका दांडीने इंधनपंपाचा रॅक सरकवून तिचा हुकूम बजावतो. डोळा, मेंदू आणि हात, संसार एवढाच.

काही वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, हा संसार आमच्या गावच्या बर्फाच्या कारखान्यात बिघडला. वादळाने दोन दिवस वीज नव्हती, बंदरात मासळी उतरून पडली होती, आणि जनरेटरचा आवाज एकसारखा चढू-पडू लागला. दिवे उजळत, मंदावत. मिस्त्रीलोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. रात्रपाळीला माझा एक जुना विद्यार्थी होता. हाताचा हुशार, तोंडाचा मुका. पेटीवर गेन आणि स्थिरता जुळवण्याचे बारीक स्क्रू असतात. ते यानेच पिळले असणार, असे शेठनी ठरवून टाकले. नव्या पेटीचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे, हेही ठरले. त्याची आई रडत माझ्याकडे आली. मी मॅट्रिक झालेला मास्तर. इंजिनातले मला काय कळणार? तरी तिच्याबरोबर गेलो.

तालुक्याहून म्हातारा मिस्त्री आला होता.

“पेटी बदलून टाका,” शेठ म्हणाले.

“बदलू की. पण शेठ, मेंदूवर आळ घ्यायच्या आधी हातपाय तरी बघू या.”

त्याने प्रथम जनरेटरवरचे ओझे उतरवले आणि इंधनाचा लिव्हर हाताने एका जागी धरून ठेवला. इंजिन शांत झाले! म्हणजे खोट डिझेलात नव्हती, गव्हर्नरच्याच घरात होती. मग पेटीला मिळणारा बॅटरीचा दाब मीटरने पाहिला. तो स्थिर. इंजिन थांबवून पिकअप काढला. चुंबकाच्या टोकाला लोखंडी किसाची दाढी आली होती. ती पुसून, पिकअप दाताला टेकेपर्यंत पिळून, पाऊण फेरा मागे घेतला. इंजिन सुरू केले. हेलकावे तसेच.

पुन्हा थांबवून त्याने ॲक्च्युएटरची दांडी चिमटीत धरून हलवली. टक्‌ असा आवाज आला. टोकाचा बॉल जॉइंट झिजला होता. हुकूम सुटे, हात हले, पण रॅक मागे राही. मग गरजेहून जास्त सरके, की पेटी उलटा हुकूम सोडी.

“स्क्रू जरासा फिरवून भागलं नसतं का हो?” मी विचारले.

“भागल्यासारखं दिसलं असतं, गुरुजी. पण कॉम्प्रेसर सुरू होताच इंजिनानं गुडघे टेकले असते.”

मग त्याने शेठना बोलावून पेटीवर बॅटरीचा उजेड टाकला. “गेल्या खेपेला स्क्रूंवर हे रंगाचे ठिपके मीच लावले होते. एकही तडकलेला नाही.”

शेठ काही बोलले नाहीत. पोरगाही बोलला नाही. नवा जॉइंट बसताना त्याने मिस्त्रीच्या हातातला पाना मात्र घेतला, आणि शेवटचा नट स्वतः आवळला.

संशय घेणे वाईट, असे मला वाटत नाही. संशय घेतल्यावाचून दोष सापडायचा कसा? पण मिस्त्रीचा संशय पायरीपायरीने चालतो. फुकटात तपासता येईल ते आधी, महागाचे शेवटी. आणि जो निर्दोष ठरला, त्याला तो तिथेच मोकळे करतो. आपला संशय मात्र जो जवळ उभा आहे आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्यापासून सुरू होतो नि तिथेच मुक्काम ठोकतो. वर्गात पेन हरवले की साऱ्या नजरा शेवटच्या बाकाकडे वळतात, त्या उगीच का?

तेव्हा यंदा फराळाच्या डब्यातले लाडू पाडव्याआधीच निम्मे झालेले दिसले, तर धाकट्याचा कान धरण्यापूर्वी जरा क्रमाने चौकशी करावी. आजोबांच्या उशाखालीही एकदा हात घालून पाहावा!